एका कार्डाची बत्तीस कार्डं

सोमवारी सकाळी स्टोअरकाकांनी चष्मा पुसून यादी पुन्हा वाचली, तरी त्यांच्या नकाशा कार्यालयात नेटवर्कची आठ नवी कार्डं आलेलीच होती. काकांनी ती मागवली नव्हती, ताब्यात घेतली नव्हती, त्यांवर क्रमांकाची पट्टी चिकटवली नव्हती. शुक्रवारी काका निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक टाचणीसुद्धा हरवली नव्हती. तपासनीस बाईंच्या अहवालात 'गहाळ : शून्य' एवढं वाचायचं आणि घरी जायचं, याहून वेगळा निरोप समारंभ त्यांना नको होता.

यादी करणारा प्रोग्राम मुख्य कार्यालयाने बसवलेला. तो रोज सकाळी नेटवर्कवरून सगळीकडे डोकावून यायचा जे दिसेल ते लिहून ठेवायचा आणि आधी दिसलेलं पुन्हा दिसलं नाही, तर 'गहाळ' म्हणायचा. काका यादी घेऊन तडक सर्व्हरच्या खोलीत गेले. तिथे एक तरुण बाई बारा महिने स्वेटर घालून बसायची. सगळे तिला सर्व्हर मॅडम म्हणत.

"मॅडम, ही आठ कार्डं कुठून उपटली?"

"आठ नाहीत काका, एकच आहे. शनिवारी मी त्याचे आठ भाग केले. या एका सर्व्हरच्या पोटात आठ कॉम्प्युटर चालतात. आधी सगळे एकाच दारातून ये-जा करायचे. आता प्रत्येकाला आपापलं दार."

"बघू."

मॅडमने झाकण उघडलं. काकांनी टॉर्च मारून, मान तिरकी करून पाहिलं. तळहाताएवढं एक हिरवं कार्ड होतं.

"एकच दिसतंय."

"दिसणार एकच. पण कॉम्प्युटरला विचारलंत तर तो आठ सांगणार."

"म्हणजे थापा मारतो."

"नाही हो. कार्डच तसं बनवलंय. प्रत्येक भागाला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून तो वेगळा मोजला जातो."

खरं तर काकांना राग यायला हवा होता. पण एका वस्तूच्या आठ वस्तू होतात ही गोष्ट त्यांना एकतीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. ते मोठ्या कुतूहलाने जागेवर परतले आणि आठ नोंदी करून मोकळे झाले.

मंगळवारी यादीत आठ कार्डं गहाळ होती आणि दुसरीच आठ नव्याने आलेली होती. बुधवारी गहाळ सोळा. काकांना जेवण जाईना. गुरुवारी सकाळी आकडा चोवीसवर गेला आणि दुपारी तर तपासनीस बाई यायच्या होत्या.

"हे होतंय कसं, ते मला मुळापासून दाखवा," काका मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"दाखवते. आपली सिस्टीम उघडी आहे, आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं." मॅडमने बराच वेळ शोधाशोध केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "सापडलं. इथे म्हटलंय, भागाला कुणी पत्ता दिला नसेल तर त्याने मनाला येईल तो घ्यावा. या आठवड्यात अपडेट आलेत, म्हणून मी रोज सकाळी सर्व्हर बंद करून चालू करतेय."

"म्हणजे रोज उठून आठही जण नवीन नाव सांगतात. आणि नाव ठेवायचं काम कुणाचं?"

मॅडमने स्वेटरच्या बाह्या ओढल्या. "माझं. राहून गेलं."

"असू दे. ती चोवीस खोडून टाका."

"खोडता येत नाहीत. ती पुन्हा दिसली, तरच प्रोग्राम 'सापडली' म्हणतो."

काका त्या ओळीकडे पाहत राहिले. "पत्ता आपण देऊ तो चालतो ना? मग हरवलेलेच पत्ते द्या."

"आठ भागांना चोवीस पत्ते कसे देऊ?"

"आठच का? जास्तीत जास्त किती होतात?"

"त्रेसष्ट," मॅडम म्हणाली आणि तिने कीबोर्ड पुढे ओढला.

पाच मिनिटं कार्यालयातलं नेटवर्क बंद पडलं, वरच्या मजल्यावरून साहेबांचा आवाज आला, आणि दुपारी पुन्हा काढलेल्या यादीत बत्तीस कार्डं हजर होती. तपासनीस बाईंनी यादी खालपासून वरपर्यंत वाचली. या बाई बोलायच्या कमी आणि सही करायच्या त्याहून कमी. त्यांनी 'गहाळ : शून्य' लिहून सही केली.

मग बाईंनी दुसरा कागद काढला. "आठ वापरात, चोवीस पडून. आपल्या शाखेत कार्डं कमी आहेत. उद्या गाडी येईल, ती चोवीस बांधून ठेवा."

मॅडम छताकडे बघू लागली. शेवटच्या आठवड्यात खोटं बोलायला काकांची जीभ वळेना. त्यांनी टॉर्च उचलला आणि बाईंना सर्व्हरपाशी नेऊन सगळं सांगितलं.

बाईंनी मान तिरकी करून बराच वेळ आत पाहिलं. "म्हणजे मी एका कार्डाला बत्तीस म्हणून सही केली."

"हो."

"माझ्या सहीवर आजवर खाडाखोड झालेली नाही." बाईंनी टॉर्च विझवला. "शाखेत असं कार्ड आहे का?"

"आहे," मॅडम म्हणाली. "अगदी असंच."

"त्याचे चोवीस भाग होतील? पत्ते हेच देऊन?"

"होतील, तेही इथे बसूनच. इथले काढले आणि तिथे केले, की झालं."

"मग माझा कागद बरोबरच आहे," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. काकांनी चोवीस पत्त्यांचा कागद पाकिटात घालून, मोहर लावून चालकाच्या हातात दिला. चालकाने मागे रिकाम्या गाडीत पाहिलं, मग आपल्या पावतीवरचा आकडा पाहिला.

"सामान कुठंय?"

"निघालंय. तुम्ही सही करा."

चालकाने डोकं खाजवलं. "काका, दुसरं कुणी असतं तर मी केली नसती. पण तुमचं मोजमाप कधी चुकलेलं नाही." त्याने सही ठोकली. काकांना ते फार लागलं आणि तितकंच बरंही वाटलं.

गाडी फाटकातून वळत होती तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शाखेतला भांडारवाला होता.

"काका, आमच्या यादीत चोवीसच्या चोवीस कार्डं आली. पोच देऊ ना?"

काकांनी खिडकीतून पाहिलं. गाडी अजून रस्त्याला लागायची होती.

"इतक्यात नको," काका म्हणाले. "गाडी पोचू द्या. सामान आधी आलं असं कुठे लिहिणार?"