रंगरावांच्या दाराची उंची

रंगराव शिंद्यांनी उभ्या आयुष्यात नको तिथं काटकसर एकदाच केली, आणि ती नेमकी दाराच्या उंचीत केली.

पिंपरीला औषधांचा कारखाना तेव्हा नुकता उभा राहत होता. रंगराव तिथं स्टोअरमध्ये कारकून. चिंचवडात आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. चौघांत लग्न झालेले हे एकटेच, आणि बायको खटाव तालुक्यात, माहेरी! लग्नाला तिसरं वर्ष लागलेलं. सासरे उद्धवराव मोठे करारी गृहस्थ. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "जावईबापू, चार गड्यांच्या खोलीत ल्येक धाडायची न्हाई मी. सोताचं दार दावा आन् घिऊन जावा."

झालं! रंगरावांनी घराचं मनावर घेतलं. घर लाकडीच बांधायचं, कारण लाकूड स्वस्तात मिळत होतं. कारखान्याची यंत्रं ज्या खोल्यांएवढ्या पेट्यांतून यायची, त्या रिकाम्या पेट्या लिलावात निघत. त्यांच्या फळ्यांच्या भिंती, वर पत्रे, आणि खांब, तुळया, चौकट मात्र तळेगावच्या वखारीतल्या सागाची. रोज जेवण झालं की हिशेब सुरू. आधी दोन खोल्या आणि पडवी होती. वखारवाल्याने भाव सांगितला तशी पडवी गेली. पत्र्यांचा भाव कळला तशी एक खोली गेली. उरल्या एका खोलीतून आम्ही खिडकी काढायला निघालो तेव्हा रंगराव एकदम उसळले.

"खिडकीला हात लावायचा नाही! मंजुळा तिथं तांदूळ निवडत बसणार आहे."

(तांदूळ अजून आणायचे होते, आणि मंजुळाही.)

संध्याकाळी शिफ्ट सुटली की हे घरासाठी घेतलेल्या पवनेकाठच्या रिकाम्या प्लॉटवर जायचे. चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. चूल होणार त्या जागेसमोर जाऊन उभे राहायचे आणि उगीच विचारायचे, "झाला का गं चहा?" मी एकदा मागून हे ऐकलं. थट्टा करणार होतो, पण तसाच पाय न वाजवता मागं फिरलो. माणसाने किती वाट बघावी!

सुतारकाम इनायत मिस्त्रीकडं होतं. खांब उभे राहिले, पत्रे चढले, फळ्या ठोकल्या, आणि चौकटीपाशी पैसे संपले. साग कमी पडला.

"चौकटीची उंची जरा कमी धरली तर भागंल," मिस्त्री म्हणाला. "घरात उंच कोण हाय?"

"मीच की!" रंगराव म्हणाले. कुटुंबप्रमुखाने दुसरं काय म्हणायचं?

आता रंगराव म्हणजे कंपनीच्या काउंटरमागे उभे राहिले की पलीकडून फक्त टोपी दिसायची. मिस्त्रीने टोपीसकट माप घेतलं, वर दोन बोटं सोडली आणि चौकट केली. तीही त्या मानानं झकास झाली.

पण सांगा, रंगरावांनी बायकोला उभी राहिलेली कधी पाहिली होती? लग्नात वरपक्षाने नवरदेवाच्या पायाखाली गुपचूप दोन पाट जादा सरकवले होते. नंतर रजेवर गेले की हे ओटीवर सासऱ्यांसमोर, आणि ती आत चुलीपुढं बसलेली. बाहेर आलीच तर वाढायला, पदर घेऊन, वाकून! वाकलेल्या मंजुळेवर या माणसाने तीन वर्षं जीव टाकला.

चौकटीच्या पूजेला उद्धवराव लेकीला घेऊन आले. आंब्याचं डहाळं बांधलं, नारळ फुटला. मंजुळा नवं लुगडं नेसून, हातात पूजेचं ताट घेऊन, खाली बघत उंबऱ्यापाशी आली. उजवा पाय आत टाकला आणि—

ठक्क!

ताट एकीकडं, हळद दुसरीकडं. मंजुळा कपाळ धरून मटकन खाली बसली.

उद्धवरावांनी पागोटं सारखं केलं. "अपशकुन झाला. दारानंच नगं म्हटलं लेकीला. ऊठ मंजुळे, सांजची गाडी गावंल."

रंगरावांचा चेहरा पाहवेना. सासऱ्यांसमोर या गृहस्थाने आजवर 'हो मामा' याखेरीज तोंड उघडलेलं नव्हतं. आज मात्र ते चौकटीत आडवे उभे राहिले.

"मामा, दाराचा दोष नाही. तीन वर्षं झाली लग्नाला आणि मला माझ्या बायकोची उंची ठाऊक नाही! मी कसं माप देणार? आज परत नेलीत तर पुढच्या वेळीही मी चुकीचंच दार करीन. तिला ठेवून जा, मामा. मला ती हवी आहे इथं."

एवढं बोलून त्यांना घाम फुटला. उद्धवराव आढ्याकडं बघायला लागले. मग खालून आवाज आला.

"आबा, दार वाढवता येतंय. मला कुठं कमी करता येतंय?" मंजुळा उठून उभी राहिली. नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच! "तुमी जावा. सांजची गाडी हाय न्हवं?"

उद्धवरावांना हसू आवरेना. "मिस्त्री," ते म्हणाले, "हाय का लाकूड?"

लाकूड कुठलं! सगळ्यांची नजर फिरत फिरत रंगरावांच्या सागवानी खाटेवर गेली. तेवढंच त्यांचं फर्निचर. मिस्त्रीने चारही पाय कापले, चौकटीच्या दोन्ही बाजूंना जोड दिले आणि पुन्हा बोल नको म्हणून हात सढळ सोडला. दार असं उंच झालं की उद्धवराव पागोट्यासकट ताठ बाहेर पडले. दाराची आतली कडी मिस्त्रीने रिवाजाप्रमाणे पार वर, माथ्याच्या लाकडावर बसवली.

पुढच्याच आठवड्यात रंगरावांना लेट मार्क पडला. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

"उशीर का?" साहेबांनी विचारलं.

"दाराची कडी निघेना, साहेब. टाचा उंचावून बोटं लागतात, पण निघत नाही. बायकोला डोळा लागला होता. उठवायला जिवावर आलं."

"म्हणजे बायको आत, आणि तुम्ही रात्रभर बाहेर?"

"नाही साहेब," रंगराव लाजून म्हणाले, "मीसुद्धा आतच होतो."

साहेबांनी एक स्टूल घ्यायला सांगितलं. रंगरावांनी ते कधीच घेतलं नाही. बजेटमध्ये बसत नाही म्हणाले. पिंपरीतले बाकीचे सगळे नवरे दाराबाहेरून ओरडायचे, "अगं, दार उघड!" आणि आमचे रंगराव रोज सकाळी डबा हातात घेऊन, मोठ्या खुशीत, आतून.