तळ्याकाठी पालथी पडलेली बाई

रानफुलांचे फोटो काढावेत तर मीच! बाळाच्या आधी एका कॅलेंडरवाल्यांची मी अगदी लाडकी होते. बाळ झालं आणि त्यांचा फोन असा गप्प झाला, जणू पाळण्यात मीच झोपलेय. परवा अचानक वाजला!

"एक पान रिकामं आहे. तळ्याकाठची निळी रानफुलं हवीत, आजच्या आज. जमेल? की बाळ..."

"बाळ काय, हत्ती असता तरी जमवलं असतं!" हे पान गेलं तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवरा, सासूबाई, बाळ, दुपटी, बाटल्या, सगळं बिऱ्हाड तळ्यावर. बाळाला नवऱ्याकडे देऊन मी बजावलं, "हाक मारू नकोस. मी ओ देणार नाही."

फुलं बाळाच्या नखाएवढी. त्यांचा फोटो उभ्याने निघत नाही. चिखलात पालथं पडायचं, कोपरं रोवायची आणि वारा पडेपर्यंत दगड व्हायचं. वारा पडला की श्वासही बंद!

"ओ ताई! बऱ्या आहात ना?" मागून तळ्याचा राखणदार.

वारा नुकता पडत होता. मी गप्प.

"ताई!"

मी आणखी गप्प.

कानठळ्या बसवणारी शिट्टी! "बाई पडलीय, धावा!" आणि त्याने माझे दोन्ही पाय धरून मला गोणीसारखं मागे ओढलं. हनुवटीने चिखल नांगरत मी निघाले. फिरायला आलेले सगळे धावले आणि बरोब्बर फुलांवर उभे राहिले.

"अहो, मी फोटो काढत होते!"

"हो हो, ताई," राखणदार मायेने म्हणाला. "आता काही बोलू नका."

सासूबाई धापा टाकत आल्या. "मी म्हणतच होते, पोरीचं मन थाऱ्यावर नाही!"

"कधी म्हणालात?"

"मनात!"

नवरा पांढराफटक. बाळ मात्र माझं चिखलाचं तोंड बघून खदखदून हसलं. त्या गर्दीत मला ओळखणारं तेवढं एकच!

कॅमेऱ्यात निघाले राखणदाराचे बूट. कॅलेंडरवाले म्हणाले, "समजू शकतो. तुम्ही आता बाळाकडेच बघा." पान दुसऱ्याला गेलं.

घरी माझे लाडच लाड! सासूबाई बाळाला खाली ठेवत नाहीत, नवरा न सांगता बाटल्या धुतो. इतके महिने "जरा धर रे याला" म्हणून माझा घसा सुकला, ते कोणाला ऐकू गेलं नाही. पालथी पडले, तेव्हा दिसले! कॅमेरा कपाटात, किल्ली सासूबाईंकडे. "पाण्याकडे जायलाच नको!"

म्हणून मोकळ्या दुपारी हे लिहायला बसले. नवरा दारातून डोकावला.

"काय लिहितेस गं?" आवाज अगदी मऊ.

"विनोदी गोष्ट."

तो हळूच आत आला, टेबलावरची कात्री उचलली आणि पाय न वाजवता निघून गेला.