हिरव्या दिव्याची शाळा

एका जंगलात, बाळांनो, आयांना एक नवीच काळजी लागली होती. पोरं रडतात! चिडतात! हातपाय आपटतात! आता तुम्ही म्हणाल, पोरं नाही रडणार तर कोण रडणार? गप्प बसा. जंगल सुधारलेलं होतं.

म्हणून बगळे सरांनी एक वर्ग काढला. सर तासन्‌तास एका पायावर उभे राहायचे. त्यामुळे मनःशांतीतलं त्यांना सगळं कळतं, असं सर्वांनी धरून चालायचं. मधूनच ते एखादा मासा गट्ट करायचे, पण तोही अगदी शांतपणे.

वर्गात एक खेळ होता. पोराच्या डोक्याला पट्टा बांधायचा. पट्ट्याला म्हणे मेंदूतली खळबळ कळायची. मन शांत असलं की पट्ट्यावर हिरवा दिवा लागायचा आणि पडद्यावरची होडी पुढे जायची. पोर बिथरलं की दिवा लाल आणि होडी बुडाली.

ससाबाईंचा टिल्लू रोज होडी बुडवायचा.

"सर, आमचाच कसा हो मागे?" ससाबाईंनी विचारलं.

"घरी सराव घेता का?"

"घेते की! पाटावर शांत बसवते. हलला की धपाटा घालते."

टिल्लू मुसमुसत म्हणाला, "आई, तो दंतू माझ्या शेजारी बसतो. माझा कान चावतो."

दंतू म्हणजे मगरीचं पोर.

"त्याचा दिवा कधी लाल झालाय का?" आई म्हणाली. "शीक जरा त्याच्याकडून."

खरंच होतं ते. दंतूचा दिवा चावण्याआधी हिरवा, चावताना हिरवा आणि चावून झाल्यावर तर आणखी गडद हिरवा.

टिल्लू शिकला बिचारा. कानात दात रुतले की श्वास आत, श्वास बाहेर. होडी हळूहळू पुढे सरकू लागली. ससाबाईंनी शेजारीपाजारी गाजराचा हलवा वाटला. कान थोडा आखूड झाला होता, पण प्रगती होती!

मग गुणगौरव समारंभ झाला. पहिला नंबर अर्थातच दंतूचा. त्याला शाल आणि श्रीफळ. टिल्लूला उत्तेजनार्थ. नंतर पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवायला दोघांना शेजारी बसवलं.

दंतूने या वेळी कान सोडला आणि मान धरली.

टिल्लूने डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. दिवा हिरवा!

"वा! काय हा संयम!" बगळे सर म्हणाले. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

ससाबाईंना आधी अभिमानच वाटला. खोटं कशाला सांगू? मग त्यांना टिल्लूचे पाय थरथरताना दिसले.

"अगं आई गं! मेलं की माझं लेकरू!"

त्यांनी थेट मंचावर उडी घेतली. दंतूच्या थोबाडावर मागच्या पायांची सणसणीत लाथ हाणली, पोराला ओढून घेतलं आणि तो पट्टा तोडून फेकला. टिल्लूने भोकाड पसरलं. त्याला छातीशी धरून ससाबाईही हमसून हमसून रडल्या.

दंतूचा दिवा हिरवाच होता.

बगळे सरांनी खेदाने मान हलवली. "घरचं वळणच असं, तर पोराला काय बोल लावायचा?"

दुसऱ्या दिवसापासून ससाबाईंना पट्टा बांधून बालवर्गात बसवलं. दंतूच्या शेजारी.

तात्पर्य (पाठ करा, परीक्षेला येतं): कुणी चावत असेल तर बाळांनो, अजिबात ओरडू नका. त्याने चावणाऱ्याची मनःशांती बिघडते.