घर बिघडवणारे तावडे काका

दर अकरा महिन्यांनी तावडे काका स्वतःच्या हाताने स्वतःचं घर बिघडवत. घरमालक नवा करार करायला यायचा, त्याच्या आदल्या दिवशी. भिंतीवर चहाचं पाणी शिंपडून ओल आणायची, पंखा उतरवून कॉटखाली सरकवायचा, नळाचा वायसर ढिला करायचा. वागळे इस्टेटमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. बिल्डिंगमध्ये कुणाचाही नळ गळला की काका पाना घेऊन हजर. त्यांचा स्वतःचा नळ मात्र मालकाची वेळ बघून गळायचा.

"दिसलं की वाढलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घर चांगलं दिसलं की भाडं वाढलं.

मी समोरच्या दारातली. डोंबिवलीत भाडेकरूंच्या सह्या गोळा करते, पत्रकं लिहिते. 'भाडेवाढीचं कारण लेखी द्या' हे पत्रक मी काकांना दिलं, तर त्यांनी ते मोरीतल्या नव्या टाइल्सवर चिकटवलं.

"कागद जाड आहे गं तुझा. टाइल पूर्ण झाकली."

"काका, लढायचं सोडून लपवता काय?"

"तू लढ. मी राहतो."

काकू आतून हसायच्या. "अगं, आमच्याकडे दिवाळीपेक्षा याचीच तयारी मोठी."

मला हसू यायचं नाही. स्पष्ट लिहिते, संताप यायचा. इतकं सगळं करून पुन्हा काका मालकापुढे हात जोडायचे, "बघा ना साहेब, काय अवस्था आहे, थोडं सांभाळून घ्या." मालक काही राक्षस नव्हता. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून यायचा, चहा प्यायचा, हसून बोलायचा. पण एकोणीस वर्षं भाडं वेळेवर देणाऱ्या माणसाला हात जोडावे लागतात, याला मी व्यवहार म्हणणार नाही.

गेल्या वर्षी काकूंना हॉस्पिटलमधून घरी आणलं. डॉक्टर म्हणालेले, आता घरीच ठेवा. त्यांची कॉट हॉलमध्ये लावली, तोंड भिंतीकडे. मालक दुसऱ्या दिवशी येणार होता. काका चहाचं पातेलं घेऊन भिंतीशी उभे राहिले. मी तिथेच बसलेले.

काकू म्हणाल्या, "अहो, यंदा नको ना. मला दिवसभर तीच भिंत दिसते."

काकांनी पातेलं ओट्यावर नेऊन ठेवलं आणि खाली जाऊन रंगाचा डबा आणला. संध्याकाळपर्यंत भिंत फिकट पिवळी झाली. पंखा जागेवर राहिला, नळालाही त्यांनी हात लावला नाही.

मालक आला. "काय काका, घर एकदम मस्त ठेवलंय की." मग त्याने नवं भाडं सांगितलं. मी काकांना कोपराने ढोसलं. ते फक्त "बरं" म्हणाले, आणि सही करून मोकळे झाले.

दोन महिन्यांनी काकू गेल्या. नवं भाडं पेन्शनमध्ये बसेना. काकांनी दिवा स्टेशनजवळ एक स्वस्त खोली बघितली. टेम्पो भरताना मला राहवलं नाही. "त्या दिवशी एक शब्द बोलायचात काका. त्याने कमी केलं असतं."

"केलं असतं," काका म्हणाले. "पण ती जागी होती. मी हात जोडून विनवलेलं तिने ऐकलं असतं. म्हटलं, निदान जाताना तरी तिला वाटू दे, आपण आपल्या घरात आहोत."

काकांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ओढून धर गं," म्हणाले, आणि कपाटाला गाठ मारायला वाकले.