चटणीच्या बरणीतला कॅमेरा

हेमावतीबाईंचं कर्णफूल हौदात पडलं, ते नेमकं नळ येऊन गेल्यावर. पुढचं पाणी चार दिवसांनी. हौद उपसायचा म्हणजे तोवर घरादारानं पारोसं राहायचं. आणि परवा वळसंगला नणंदेच्या मुलाचं लग्न.

"गुरम्मावन्संसमोर एका कानानं मिरवू व्हय मी?" हेमावतीबाई म्हणाल्या. "दिवाळीला आल्या आन् चांदीची वाटी घेऊन गेल्या. आता कान बघून हसतील."

गुरम्मा ही हेमावतीबाईंच्या नवऱ्याची, वीरभद्रप्पांची, सख्खी बहीण. वाटीचा विषय निघाला की वीरभद्रप्पांना हटकून काहीतरी दुरुस्त करायचं आठवे. या वेळी कॅमेरा आठवला.

"पाण्याखालचा कॅमेरा घरी करतात. मोबाइलवर बघितलंय मी. आधी कुटं पडलंय ते बघू, मग गळ टाकू."

शेंगाचटणीची रुंद काचेची बरणी रिकामी झाली. तळाशी जुना मोबाइल, कॅमेरा खाली, टॉर्च आणि शूटिंग चालू. झाकणाला मेण, वरून सायकलची ट्यूब. दोरीनं बरणी हौदात सोडली. ती तरंगली.

"बदक केलंत की," हेमावतीबाई म्हणाल्या.

मोबाइलवर खलातला बत्ता ठेवला. बरणी बुडाली. वर काढली तर सगळं चित्र लालभडक.

"मंगळावर गेला हुता काय?"

"चटणीचं तेल हाय ते. बरणी धुवावी लागंल."

"धुवा. तुमच्या आंघोळीच्या पाण्यातनं धुवा."

वीरभद्रप्पांनी आंघोळीचा त्याग केला. तिसऱ्या खेपेला चित्र असं स्वच्छ आलं, की हौदाच्या फरशीच्या भेगासुद्धा मोजाव्यात. मधोमध कर्णफूल चमकत होतं. चांदीच्या वाटीत.

दिवाळीत, गुरम्मा घरात असतानाच, हौदात तुरटी टाकायला हाताशी आली म्हणून वीरभद्रप्पांनी ही वाटी घेतली होती. ती निसटली. तेव्हा सांगायचं राहून गेलं, आणि आळ गुरम्मावर गेल्यावर सांगायची सोय उरली नाही. आयुष्यात प्रथमच आपलं काम निर्दोष झाल्याचं त्यांना वाईट वाटलं.

"दिसलं का?"

"न्हाय. लई गढूळ हाय."

हेमावतीबाईंनी मोबाइल हातातून घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ पाहिलं. मग पदरानं पडदा पुसून पुन्हा पाहिलं.

"वन्संना फोन लावा," त्या शांतपणे म्हणाल्या.

"काय सांगू?"

"भावानं कॅमेरा लई झकास केलाय म्हणून सांगा. आन् फोटो पाठवा."