बाबुरावांची खळ

मुलाचं एस. एस. सी.चं सर्टिफिकेट प्रवासात हरवता कामा नये, असं बाबुराव रणपिसे यांनी एका शुक्रवारी ठरवलं. कुठलाही बाप हेच ठरवील. पण बाकीचे बाप डिस्पॅच क्लार्क नसतात, आणि त्यांना खळ करता येत नाही.

ही खळ काय चीज होती ते आधी सांगायला हवं. बाबुराव फोर्टातल्या एका कचेरीत सतरा वर्षं पाकिटं चिकटवत होते. (‘चिकटवत’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘टपाल रवाना करतो’ म्हणायचं.) कचेरीचा गोंद त्यांना पाणचट वाटे, म्हणून ते घरून खळ करून नेत. मैदा, तुरटी, झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि आणखी एक गुप्त वस्तू, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा ते राहत त्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या समितीच्या पोरांना या खळीचा शोध लागला. तिनं लावलेलं पोस्टर निघतच नसे. म्युनिसिपालिटीची माणसं खरवडायला आली की आजूबाजूचं प्लास्टर निघे, पण ‘मुंबईसह’ जागच्या जागी राही. बाबुराव नोकरीला जपून होते. “मी फक्त खळ देतो. पोरं तिनं काय चिकटवतात ते मी विचारत नाही,” असं ते कुणी न विचारता सांगत. आतून मात्र त्यांना वाटे की मुंबई महाराष्ट्राला मिळाली तर ती थोडीफार आपल्या खळीमुळेच.

तर अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये त्यांचा मुलगा जगदीश सेकंड क्लासात पास झाला आणि औरंगाबादच्या कॉलेजात, होस्टेलसकट, त्याला जागा मिळाली. रणपिश्यांच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. धम्मदीक्षेला दोन वर्षं पुरी होत नाहीत तोच पोरगा कॉलेजात, या विचारानं बाबुरावांचा गळा दाटून येई. मग तो दाटलेला गळा घेऊन ते चाळीतल्या प्रत्येक खोलीत जाऊन आले.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. जगदीशनं बरोबर काय न्यावं, यावर अख्खा मजला कामाला लागला. औरंगाबाद कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला कुणाला अडचण पडली नाही. तिकडे पाणी नाही म्हणून कुणी दोन कळश्या आणून दिल्या. तिकडे वीज नाही म्हणून कंदील आला. शेजारच्या रखमावहिनींनी सुक्या बोंबलांचा डबा आणला, कारण समुद्र नसलेल्या गावात माणूस जगतो कसा, हेच त्यांना कळेना. बाबुरावांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, पिंजाऱ्याला बोलावून गादी नव्यानं पिंजून घेतली. ती इतकी फुगली की गुंडाळल्यावर तिच्यामागे जगदीश दिसेना. बाबुरावांनी कचेरीच्या पद्धतीनं यादी केली, प्रत्येक वस्तूला नंबर दिला आणि खळीनं चिठ्ठी डकवली. बोंबलांना एकवीस नंबर मिळाला.

ट्रंक नवी होती. बाहेरून हिरवी, झाकणावर लाल गुलाब. शुक्रवारी ती उघडून बाबुराव बराच वेळ आतल्या पत्र्याकडे बघत बसले.

“लोक इथं सिनेमातल्या बाया लावतात,” ते म्हणाले. “आपण सर्टिफिकेट लावू. ट्रंक उघडली की डोळ्यांसमोर. हरवायचं नाव नको. शेजारी कॉलेजचं पत्रही लावू.”

“अहो, दोन कागद तर आहेत,” कौसल्याबाई म्हणाल्या. “माझ्या कापडी पिशवीत घालते, पोरगा गळ्यात अडकवील.”

“पिशवी चोरीला जाते. ट्रंकेचं झाकण आजवर कुणी चोरलंय?”

जगदीशनं पत्र उलटसुलट करून पाहिलं. “बाबा, मागं पण बारीक अक्षरात काहीतरी छापलंय.”

“मागं नियम असतात,” बाबुराव खळीत ब्रश बुडवत म्हणाले. “नियम पाळायचे असतात, वाचत बसायचे नसतात. सतरा वर्षं टपाल पाहतोय मी. पत्राचा मजकूर पुढे. मागची बाजू खळीची.”

आणि त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी असे सफाईनं लावले की एक सुरकुती पडली नाही. मग चार शेजाऱ्यांना बोलावून झाकण दाखवलं.

रविवारी दुपारी कास्मीर आला. कास्मीर त्यांच्या कचेरीत टायपिस्ट, गिरगावात राहणारा ख्रिस्ती. जगदीशसाठी त्यानं फाउंटन पेन आणलं होतं. बाबुरावांनी त्याला चहाच्या आधी झाकण दाखवलं.

कास्मीरनं चष्मा पुसला, परत लावला. “हे ओरिजिनल आहे?”

“मग काय, ओरिजिनलच.”

“अरे बाबुराव, माझ्या पोराचं, मॉरिसचं अ‍ॅडमिशन झालं ना माटुंग्याला, तर पयल्या दिवशी खिडकीवर ओरिजिनल मागितलं. मागितलं म्हणजे घेतलंच. हातात नाही दिलं तर बोलले, पुढल्या पोराला उभं करा. मॉरिस बोलला, घरी आहे. त्यांनी ऐकलं पण नाय.”

तेवढ्यात चहा आला होता. बाबुरावांच्या हातातली बशी कलंडली आणि चहा धोतरावर सांडला, तो त्यांना कळला नाही. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. बुधवारपर्यंत खिडकीवर हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तेवढं पत्राच्या पुढच्याच बाजूला होतं.

“निघंल हो,” रखमावहिनी म्हणाल्या. “वाफ द्या. केळीच्या पानावरनं पानगी सुटते तसं सुटंल.”

स्टोव्ह पेटला, पातेलं चढलं, ट्रंकेचं झाकण वाफेवर धरलं. झाकणाच्या दुसऱ्या बाजूचे गुलाब फुगून आले आणि एकेक पाकळी गळाली. कागद होता तिथेच. मग ओलं फडकं लावलं, तर गोल शिक्का पसरायला लागला आणि गणिताचे मार्क फिके झाले. (गणितात मुळातच फार नव्हते.) जगदीशनं आईचा हात धरला. “आई, नको. पुसून जाईल सगळं.”

“काय घालता तरी काय त्या खळीत?” कौसल्याबाईंनी विचारलं. “ते कळलं तर उतारा तरी शोधता येईल.”

बाबुरावांनी मान खाली घातली. “तांदळाचं पीठ. आपल्याच डब्यातलं.”

“तरीच,” कौसल्याबाई म्हणाल्या. “तीन वर्षं मी उंदरांना शिव्या घालतेय.”

बाबुराव ट्रंकेवर बसले. ज्या खळीपुढे म्युनिसिपालिटीची माणसं हरली ती आज त्यांच्या मुलावर उलटली होती. आपण आपल्या हातानं पोराचं कॉलेज पत्र्याला लावून बसलो, या विचारानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कास्मीरसमोर ढळाढळा रडले. कास्मीरही रडला, पण त्याला कुणाच्याही दुःखात रडू येत असे.

मार्ग काढला तो तळमजल्यावरच्या शिवानं. शिवा पत्र्याचे डबे, नरसाळी करी. त्यानं झाकणावर बोट वाजवलं. “कागद सुटत नाय ना? मग पत्रा सोडवू.”

कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं कात्री चालवली. पत्रा कापल्याचा आवाज बाबुरावांच्या दातांतून गेला. दहा मिनिटांत दोन्ही कागद, पत्र्यासकट, बाहेर आले आणि ट्रंकेला खिडकी पडली. कौसल्याबाईंनी पत्र्याच्या धारदार कडांना फीत शिवली आणि ट्रंकेच्या खिडकीवर मेणकापड ताणून बांधलं. सोमवारी जगदीश बोरीबंदरला निघाला तेव्हा काखेत सर्टिफिकेटाची पाटी, हमालाच्या डोक्यावर गादी आणि मागे कंदील, कळश्या घेतलेला मजला. फलाटावर एका टी. सी.नं त्याला विचारलं, “दुकान कुठं काढताय?”

त्यानंतर बाबुरावांना झोप नाही की जेवण नाही. कचेरीत त्यांनी नागपूरचं टपाल नगरला रवाना केलं. सतरा वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. अकराव्या दिवशी जगदीशचं पत्र आलं. कचेरीतून बाबुरावांबरोबर घरी आलेल्या कास्मीरनं पाकीट फोडलं आणि पत्र समोर धरलं. ते बाबुरावांनी मोठ्यानं वाचलं.

“ती. बाबा व आई यांस सा. न. अ‍ॅडमिशन झाली.”

इथे कौसल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि बाबुरावांनी छाती पुढे काढली. ती पुढे फार वेळ राहिली नाही.

“खिडकीवरच्या साहेबांनी पत्रा हातात घेऊन उलटा केला. मागे उरलेला एक गुलाब होता. ते म्हणाले, ‘मागच्या सूचना वाचल्यात का?’ मग त्यांनी दुसऱ्या मुलाचं पत्र घेऊन मागची बाजू मला वाचून दाखवली. एक, मूळ सर्टिफिकेट आणू नये, घरी जपून ठेवावे, फक्त सही-शिक्क्याची नक्कल आणावी. दोन, होस्टेलमध्ये गादी मिळते. तीन, वीज व नळ आहे. चार, खोलीत कपाट असल्याने ट्रंक आणू नये. साहेब भले आहेत. त्यांनी स्वतः नक्कल लिहून घेतली आणि वरिष्ठांची सही आणली. पत्रा फायलीत मावेना म्हणून परत दिला. खोलीत कपाट आणि ट्रंक दोन्ही असल्यामुळे मी नव्या गादीवर दारात निजतो. नंबर एकवीस मात्र सगळ्यांना आवडला.”

बाबुरावांनी कास्मीरकडे पाहिलं. कास्मीर छताकडे बघत होता. “माझ्या मॉरिसच्या पत्राला मागं काय नव्हतं,” तो पुटपुटला.

एवढ्यात दारावर टकटक झाली. समितीचा जयवंत, सोबत दोघे, हातांत पोस्टरांची भेंडोळी. “बाबुराव, मंगळवारची सभा आहे. डबाभर खळ लागंल.”

बाबुराव उठायला लागले, पण कौसल्याबाईंनी फळीवरचा डबा आधीच काढला होता. तो त्यांनी जयवंतच्या हातात ठेवला.

“घेऊन जा, बाबा,” त्या म्हणाल्या. “फक्त लावायच्या आधी मागची बाजू वाचून घ्या. आमच्याकडे ती वाचत नाहीत.”