सुसाट वाचन पेटी

कुकरची पहिली शिट्टी झाली. झोळीतला धाकटा दचकला, पण उठला नाही. म्हणजे डाळ शिजेपर्यंतचा वेळ माझा.

कोणतीही योजना माणसांचा अडथळा नसेल तर उत्तम चालते, हे आता सर्वमान्य झाले आहे. न्हावऱ्याच्या अलीकडे आमची वस्ती. तिथल्या शाळेत गेल्या वर्षी सुसाट वाचन पेटी आली. आत एकशे वीस चित्रकार्डे, एक घंटी आणि एक मार्गदर्शिका (पान तीन : ‘शिक्षकांनी स्वतः विचार करण्याची आवश्यकता नाही’). रोज एक कार्ड. एकशे विसाव्या दिवशी मूल वाचते. इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही, याचेच नवल.

पेटी पडली पूनम मॅडमच्या हाती, आणि त्यांनी तिचा सर्रास गैरवापर केला. नवव्या कार्डावर त्या अकरा दिवस थांबल्या. का, तर काही पोरं अक्षरांऐवजी चित्रच वाचतात म्हणून. चित्रावर अंगठा ठेवून म्हणायच्या, “आता सांग.” (मार्गदर्शिकेत अंगठ्याचा उल्लेख नाही.) घंटी त्यांनी वर्गातल्या म्हाळूच्या शेळीला देऊन टाकली. वर्षअखेर अठरापैकी सतरा मुले वाचू लागली.

अठरावी माझी ज्ञानेश्वरी. कावीळ झाल्याने तिची शाळा बुडाली होती. मॅडम मला म्हणाल्या, “दोन महिने द्या. कुठं अडते ते कळलंय मला.”

अहवाल आला : पेटीचे यश चौऱ्याण्णव टक्के. शिक्षकांचा वाटा : निरंक.

यश पेटीचे ठरल्यावर पालकांचे संमतिपत्र निघाले. शाळा समितीचे अध्यक्ष आण्णा ते घेऊन सकाळी डेअरीवर उभे राहिले, कारण दूध घालायला सगळेच येतात. कागद वाचून सही करणे म्हणजे आणणाऱ्यावर संशय घेणे, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे बोट ठेवतील तिथे सही करायची.

“हितं, सूनबाई. पोरांच्या भल्याचं हाय.”

कागदावर हातात पुस्तक घेतलेल्या हसऱ्या मुलीचं चित्र होतं. एका हातात किटली धरून मी सही केली. तुम्हीही केली असती. माझ्यामागे झुंबरबाई होत्या.

“कशाचं हाय रं आण्णा?”

“चांगल्याचं.”

“मग लाव शाई अंगठ्याला. दुसरी म्हस धारेची थांबलीया.”

पुढच्या आठवड्यात पूनम मॅडमना वरच्या कार्यालयात बोलावून घेतले. तिथे त्या पेट्यांची ऑनलाइन माहिती भरतात. त्यांच्या जागी आलेले इंद्रजीत सर अतिशय प्रामाणिक आहेत. घंटी वाजली की पुढचे कार्ड. (घंटी शेळीकडून परत घेण्यात आली.) आता ज्ञानेश्वरी शंभर टक्के वाचते.

दुसरी शिट्टी झाली, तेव्हा ती कार्ड घेऊन माझ्याजवळ बसली होती.

“होडी,” तिने खणखणीत वाचलं.

मी सहज चित्रावर अंगठा ठेवला. “आता सांग.”

ती कार्डाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

“आई, अंगठा काढ की. वाचताच येईना.”

मी काढला. “होडी!” ती खुदकन हसली. तिच्या कानामागची बट मी उगाच नीट केली.

मग उठले आणि डाळीच्या डब्याखाली अंथरलेली संमतिपत्राची झेरॉक्स काढून पहिल्यांदा वाचली. कलम चार : ‘पेटी पुरेशी असल्याने आमच्या पाल्यास सध्याच्या शिक्षिकेची गरज नाही.’ खाली माझी सही. वळणदार. मी बी.ए. आहे, मराठी विषय घेऊन.

“ही तुझी सही!” ज्ञानेश्वरीने लगेच ओळखली. “काय लिवलंय गं त्यात?”

“मॅडमना दुसरीकडं पाठवा, असं.”

तिने बराच वेळ कागद न्याहाळला. मग त्या हसऱ्या मुलीवर बोट टेकवलं.

“आई, तू बी चित्र बघूनच सही केलीस व्हय?”